आठवी घंटा

सुतार आणि शेजारी, दोघंही तसे शहाण्यातले. पण त्या दिवशी सकाळी सव्वादहाला पाटाचं पाणी अडवायच्या फळीवरून त्यांची अशी जुंपली की वरच्या शेतातले बैलसुद्धा चरायचं सोडून बघायला लागले. सुतार म्हणत होता, दहाची घंटा झाली, आता पाणी माझं. शेजारी म्हणत होता, अरे, त्या बाईच्या कोबीपर्यंत पाणी पोचलंय का ते तरी बघ. भांडून दम लागला तसे दोघं एकदम वळले आणि ज्या बाईवरून भांडत होते तिच्यावरच घसरले.

"घंटा तूच वाजवतेस ना?" सुतार म्हणाला. "मग आम्हाला का नाचवतेस?"

ती बाई म्हणजे दोरीकाकू. चर्चच्या घंटेची दोरी अठरा वर्षं तिच्या हातात होती, म्हणून हे नाव. दहाची घंटा ओढून ती टेकडीवरून धावत खाली आली होती. तिचं शेत पाटाच्या अगदी शेवटाला, त्या शेजाऱ्याच्या शेताला लागून. फळी उघडल्यापासून पाणी तिथे पोचायला वीस मिनिटं लागत, आणि तिची पाळी होती पंधरा मिनिटांची. म्हणजे रोज पाणी तिच्या बांधाच्या दिशेनं निघायचं, पाऊण वाटेवर यायचं आणि तेवढ्यात तिच्याच हातची घंटा वाजायची. कोबीचे गड्डे धरायची वेळ झाली होती आणि पानं कडेनं पिवळी पडत होती. वर्षाचं पोट त्या कोबीवर होतं.

हे आधी असं नव्हतं. डोंगरातल्या तळ्यातून निघणारा पाट एक आणि त्यावर शेतं सात. फार पूर्वी पाण्यावरून डोकी फुटली होती, तेव्हा चर्चचे धर्मगुरू, जुने पाळक, मध्ये पडले. ते बोलायला अगदीच कंजूष. तीन संध्याकाळी नुसते फळीवर बसले, सातही जणांचं रडगाणं ऐकलं, आणि चौथ्या दिवशी सात खडे मांडून म्हणाले, चर्चची घंटा दिवसातून तीनदा वाजते, पहाटे, दुपारी, संध्याकाळी. घंटा वाजली की फळी हलवा, पाणी पुढच्याला द्या. घंटा तीन आणि शेतं सात, त्यामुळे पाळी रोज सरकायची आणि रात्रीचं लांबलचक पाणी आठवड्यातून एकदा प्रत्येकाला मिळायचं. सातही जणांनी पवित्र शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, हात ठेवून कबूल केलं. घड्याळावर कुणी विसंबलं नाही, कारण प्रत्येकाचं घड्याळ आपल्या मालकाची बाजू घ्यायचं.

जुन्या पाळकांच्या उपासनेला वीस वर्षं नऊ माणसं येत होती. मिशनच्या कचेरीत त्यांच्या मंडळीच्या नावापुढे दरवर्षी एकच शेरा पडायचा, वाढ नाही. ते थकून गेले आणि नवे पाळक आले.

नवे पाळक उमद्या मनाचे, कष्टाळू, आणि मंडळीची वाढ करायचीच असा निश्चय करून आलेले. एकच होतं, त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडलं की त्यांना आपलं काहीतरी आठवायचं. आल्या आठवड्यातच त्यांनी जाहीर केलं, लोक झोपले आहेत, त्यांना जागं करायला हवं. तीन घंटांनी काय होतं? सात हा पवित्र आकडा. दिवसातून सात घंटा वाजतील. त्यातच पावणेदहाला तयारीची आणि दहाला प्रार्थनेची.

यात काहीतरी अडणार असं काकूला त्याच क्षणी वाटलं, पण काय ते कळलं नाही. पाच-सहा दिवसांनी कळलं. घंटा सात आणि शेतं सात. प्रत्येकाची पाळी जिथल्या तिथे खिळली. पावणेदहा ते दहा रोज काकूची. आणि संध्याकाळच्या शेवटच्या घंटेपासून पहाटेपर्यंतचं सगळं पाणी, रोज, पंचांचं. पंच म्हणजे मंडळीच्या कारभाराचे मुख्य, आणि सातांतलं एक शेत त्यांचं. त्यांना नव्या पाळकांचं काम फार आवडलं. सात घंटांमुळे आपल्याला आत्मिक लाभ होतो आहे असं ते चारचौघांत सांगत, आणि त्यांचा मका डोक्याच्या वर गेला होता. पद्धत बदलू या असं कुणी म्हटलं की ते शास्त्रावर ठेवलेल्या हातांची आठवण करून देत.

मग लोक तक्रार घेऊन टेकडी चढायला लागले. घंटा चर्चची, तर दाद चर्चमध्येच मागायची. दहाच्या प्रार्थनेला फावडी दाराशी टेकवून, चिखलाच्या पायांनी, रागानं लाल झालेली माणसं बाकांवर येऊन बसली. नवाची वीस झाली, विसाची एकेचाळीस. पाळकांचे डोळे भरून आले. हातातली कामं टाकून धावत येतात, असं त्यांनी कचेरीला कळवलं.

बोलायला मात्र कुणालाच मिळेना. उपदेश संपला की पाळक मोटारसायकलला किक मारून पुढच्या वस्तीला जायचे. एकदा सुतारानं उपदेश चालू असतानाच बोलायची परवानगी मागायला हात वर केला. त्याचं बघून शेजाऱ्यानं केला, मग आणखी बावीस जणांनी. पाळक भारावून थांबले. म्हणाले, हात वर ठेवा, डोळे मिटा. मग त्यांनी सर्वांसाठी मोठी प्रार्थना केली आणि वहीत लिहिलं की आज चोवीस जणांनी जीवन समर्पित केलं.

काकूनं स्वतः तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा म्हणाली, घंटेबद्दल बोलायचं होतं. पाळक म्हणाले, घंटा फार गोड वाजते, काकू, आणि आपल्या आईच्या गावच्या घंटेची गोष्ट सांगत बसले. दुसऱ्यांदा तिनं सरळ सांगितलं, पाणी पुरत नाही. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि पुढच्या रविवारी तहान या विषयावर दीड तास उपदेश झाला. तिसऱ्यांदा ती त्यांना शेतावरच घेऊन गेली. त्यांनी पिवळ्या कोबीकडे बघितलं, काकूच्या खांद्यावर हात ठेवला आणि पिकाला आशीर्वाद दिला.

फळीवरचं भांडण झालं त्या दुपारी शेजारी तिच्या ओसरीवर येऊन टेकला. सकाळी तोंडाला येईल ते बोलल्याची त्याला लाज वाटत होती.

"दोरी तुझ्या हातात आहे," तो हळूच म्हणाला. "दहाची घंटा अर्धा तास उशिरा ओढ. कोण विचारतंय?"

"कुणी नाही विचारणार," काकू म्हणाली. "पण एकदा माझ्यासाठी उशीर केला ना, की उद्यापासून प्रत्येक घंटेला तुम्ही सगळे आधी माझ्या शेताकडे बघाल. मग ती घंटा कसली?"

असं बोलून ती मोकळी झाली, पण कोबीकडे बघून तिला रडू आलं आणि ती शेजाऱ्यासमोरच रडली. तो गेल्यावर डोळे पुसून तिनं सात पावट्याचे दाणे जमिनीवर मांडले, जुने पाळक खडे मांडायचे तसे. सात घंटा वाजवून बघितल्या. प्रत्येक दाणा परत आपल्या जागी. सहज आणखी एक वाजवली, तर सगळी रांग एका जागेनं सरकली. परत आठ वाजवल्या, परत सरकली. सात दिवसांत रात्र सातही दाण्यांच्या घरी जाऊन आली.

म्हणजे एक घंटा हवी होती. पण आपल्याला हवी म्हणून ती मिळणार नाही, एवढं काकूला आता कळलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर, सगळे बाकांवर असतानाच, ती हात जोडून उभी राहिली.

"साहेब, सात घंटा देवाच्या झाल्या," ती म्हणाली. "पण आमच्या पाळकासाठी एकही नाही. दुपारी तीनला एक घंटा तुमच्यासाठी प्रार्थनेची असावी, असं मंडळीला वाटतं."

पाळक पहिल्यांदाच पूर्ण वाक्य संपेपर्यंत थांबले. "बोला, काकू," ते म्हणाले. "आणखी काय वाटतं मंडळीला?"

आणखी काही वाटत नव्हतं. पंचांनी मात्र मनातल्या मनात बोटं मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला. पण पाळकांसाठीच्या प्रार्थनेला भर मंडळीत विरोध कसा करणार? बाकीच्यांनी आमेन म्हटलं तेव्हा त्यांनाही म्हणावं लागलं.

त्याच आठवड्यात वाढ बघायला बिशप आले. राग अजून निवला नव्हता, त्यामुळे चर्च भरलेलं होतं. एकेचाळीस माणसं मोजून त्यांनी पाळकांना विचारलं, हे साधलं कसं? पाळक म्हणाले, ऐकून. एका साध्या घंटा वाजवणाऱ्या बाईचंही मी ऐकलं, आणि त्यातून ही आठवी घंटा निघाली. बिशप हेलावून गेले. महिन्याभरात हुकूम आला, नव्या पाळकांनी आता गावोगावच्या पाळकांना शिकवायचं, पुढाऱ्यानं ऐकावं कसं.

तोवर पाण्याची घडी बसली होती. भांडणं मिटली, तशी फावडी घरी राहिली आणि माणसं शेतात. निरोपाच्या रविवारी बाकांवर नेहमीची नऊ माणसं होती. पाळक ऐकण्याच्या महत्त्वावर पावणेदोन तास बोलले. बाराला पाच कमी असताना ते बाहेर आले, गाडी उभीच होती. ते दोरीजवळ उभ्या काकूपाशी थांबले. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं.

"एक सांगू, काकू?" ते म्हणाले. "तुम्ही फार अबोल. माणसानं मनातलं बोलून टाकावं. मी ऐकलं असतं."

काकूनं त्यांच्याकडे नीट बघितलं. सगळं सांगावं, पहिल्या घंटेपासून, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण घड्याळाचे काटे जुळत आले होते, आणि आज दुपारचं पाणी तिचं होतं.

"घंटेची वेळ झाली, साहेब," ती म्हणाली आणि तिनं दोरी ओढली.

पाळकांनी तो आपला मान समजून डोकं झुकवलं आणि गाडीत बसले. काकू टेकडी उतरली. शेजाऱ्यानं घंटा ऐकताच तिची फळी उघडली होती. वीस मिनिटांनी पाणी तिच्या बांधाशी आलं, पहिल्या सरीत शिरलं, आणि ती चपला काढून त्यात उभी राहिली, तीनच्या घंटेसाठी टेकडी चढायची वेळ होईपर्यंत.