चिडल्यावर निघते ती बोली

पहिलीतली निकिता माझ्या संध्याकाळच्या वर्गात तोंड उघडत नाही. पुस्तकात 'आई' या शब्दावर बोट ठेवलं की ती नुसती माझ्याकडे पाहते, कारण तिच्या घरी आईला 'याडी' म्हणतात. पुसदची एक संस्था गोरबोलीत, म्हणजे बंजारा घरांतल्या बोलीत, चित्रांचं पुस्तक छापायला तयार झाली. अट एकच होती. आमच्या पालकांच्या ग्रुपमधल्या गोरबोली बोलणाऱ्या तीस घरांनी शनिवारपर्यंत सर्वेक्षणाचा फॉर्म भरायचा.

ग्रुपमध्ये तीनशे चाळीस पालक. सगळ्यांना फॉर्म पाठवला की कोणीच भरत नाही, म्हणून ज्यांचा त्यांनाच पाठवायचा. संस्थेतली प्रेरणा, माझीच जुनी विद्यार्थिनी, लॅपटॉप घेऊन आर्णीला आली. ग्रुपमध्ये येताना प्रत्येकाने मातृभाषा नोंदवली होती. तिने गोरबोलीवाले वेगळे काढले. दोन निघाले.

"बाई, त्यातलं एक नाव तुमचं आहे."

नोंद कशी करायची ते पालकांना दाखवताना माझंच बोट घसरलं होतं.

बुधवारी तिने मला न विचारता आडनावांवरून यादी केली आणि फॉर्म पाठवले. राठोड, चव्हाण, जाधव, पवार. जाधव-पवार आमच्याकडे सगळ्याच समाजांत सापडतात, हे ती चौथीत असतानाच मी शिकवायला हवं होतं. दुपारी पंजाबराव पवारांचा फोन आला.

"बाई, साठ वर्षं झाले, मी वऱ्हाडीच बोलून राह्यलो. हे गोरबोली माह्या नावावर कोनं चढवली?"

असे अकरा फोन आले. दहा जणांना शांतपणे समजावलं. अकराव्याला माझा आवाज चढला.

संध्याकाळी निकिताचा बाप रामसिंग तिला न्यायला आला.

"रामसिंग, मातृभाषा मराठी काहून लिहिली?"

"मंग काय लिहू? तुमी भाषा इचारली."

"घरी काय बोलता?"

"ते बोली झाली, बाई. भाषा म्हंजे पुस्तकातली. आमचं पुस्तक कुठी आहे?"

पुस्तक नाही म्हणून ती भाषा नाही, आणि भाषा म्हणून कोणी लिहीत नाही म्हणून पुस्तक नाही. मी कपाळाला हात लावला. प्रेरणा गालात हसत होती.

"अन् पोरीवर चिडला तर काय बोलतो?" मी विचारलं.

"चिडल्यावर मराठी कुठून आठवन, बाई?"

"प्रेरणा, हसू नको. हाच प्रश्न ग्रुपवर टाक."

'लेकरावर चिडल्यावर तोंडून कोणती बोली निघते?' गुरुवारी संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस घरांनी गोरबोली निवडली, सहा घरांनी कोलाम आदिवासींची कोलामी. पंजाबरावांनी वऱ्हाडी निवडून खाली लिहिलं, "अन् बायको चिडली तं काय भरू?"

त्या एक्केचाळीस घरांनाच सर्वेक्षणाचा फॉर्म गेला. शनिवारी दुपारी तेहतीस भरून आले होते. निकिताचं पुस्तक पक्कं झालं.

प्रेरणा लॅपटॉप मिटू लागली.

"कोलामीवाल्यांना कधी पाठवणार?" मी विचारलं.

"ते सहाच आहेत, बाई. अट तीसची आहे."

"मग तीस होईपर्यंत त्या सहा घरांच्या लेकरांनी गप्प बसायचं?"

मी प्रेरणाकडून तिच्या साहेबांचा नंबर मागून घेतला आणि लावला. कोणी उचलला नाही. मी परत लावला.