साळुबाईच्या मसाल्यातला शेंगदाणा

बुधवारी सकाळी नारायणगावच्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं असेल-नसेल, तोच रिद्धीच्या फोनवर पुण्याच्या लॅबचा रिपोर्ट येऊन पडला. ती पायरीवरच बसून वाचायला लागली. रोगजंतू नाहीत. कीटकनाशकं मर्यादेत. मिरचीत खोटा रंग नाही. ओळीगणिक तिचं काळीज सुपाएवढं होत होतं. तीन पिढ्या किराणा विकणाऱ्या तिच्या घरातून पहिल्यांदाच माल परदेशी चालला होता. खोडदच्या साळुबाईच्या बचत गटाचा काळा मसाला, आठशे पाकिटं, थेट जर्मनीला.

शेवटच्या ओळीला मात्र ती अडखळली. ‘शेंगदाणा : अंश आढळला.’

“दादाजी, मसाल्यात शेंगदाणा निघाला.”

गल्ल्यावरच्या माणिकचंदांनी चष्मा कपाळावर चढवला. “निघू दे की. विष तर नाही ना?”

“तिकडे काहींना त्याचा कणही सोसत नाही. घसा सुजतो, श्वास कोंडतो. पाकिटावर न लिहिता माल गेला आणि बंदरात नमुना काढला, तर सगळाच्या सगळा अडकेल.”

शनिवारी गाडी भरायची होती. रिद्धीनं स्कूटर काढली ती खोडदच्या शेडसमोरच थांबवली.

साळुबाई धने पाखडत होती. ऐकलं आणि सूप खाली ठेवलं. “म्हंजे? शेंगदाण्याचं कूट घालून वजन वाढवलं, असं म्हनत्यात व्हय? पोरी, तसलं काम आमी न्हाई करत.”

“मावशी, तुमच्यावर कुणी आळ घेत नाही. पण आला कुठून, ते शोधायलाच हवं.”

मग दोघी कामाला लागल्या. गिरणी उघडली, चाळण्या झटकल्या, पोती उलटी करून पाहिली. गटातल्या प्रयागबाईनं आपला चिवड्याचा डबासुद्धा आणून दाखवला. तो शेडच्या आत कधी आलाच नव्हता. लेबलावरच्या सतरा जिनसा रिद्धीनं पुन्हा एकेक करून वाचल्या. धने, खोबरं, दगडफूल, तीळ... तिळाचीही काहींना बाधा होते, म्हणून ते नाव नियमाप्रमाणं आधीच ठळक छापलं होतं. अठरावी जिन्नस कुठंच सापडेना. दुपार कलली.

“मावशी, माझ्यासमोर एक घाणा करा,” रिद्धी शेवटी म्हणाली. “रोज करता तस्साच.”

साळुबाईनं कढई चढवली, कोपऱ्यातला डबा उचलला आणि खोबऱ्याआधी पळीभर तेल सोडलं.

“थांबा! हे तेल कुठलं?”

“कुठलं म्हंजे? घाण्याचं. घरच्या शेंगांचं.”

रिद्धी बघतच राहिली. मग तिला असं हसू फुटलं की प्रयागबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. “मावशी, जिनसा सांगताना तेल का नाही सांगितलंत?”

“त्येल काय मसाला हाय का?” साळुबाईनं मनापासून विचारलं.

रिद्धीनं तिथूनच हॅम्बुर्गला गोकुळला फोन लावला. हा मूळचा ओतूरचा. तिकडे दुकान चालवायचा आणि माल त्याच्याच नावावर उतरणार होता. तो म्हणाला, “शेंगदाणा असला म्हणून कुणी अडवत नाही. लपवला तर अडवतात. लेबलावर आणि कागदांवर एकसारखं लिहा, मग माझी काळजी मिटली.”

“की पुढच्या खेपेला सूर्यफुलाचं तेल घ्यायचं?” रिद्धीनं साळुबाईला विचारून पाहिलं.

“चव जाईल राव त्यानं. लिवायचंच हाय ना? मग लिव की चांगलं ठसठशीत.”

गुरुवारी नवी लेबलं छापून झाली. शुक्रवारी शेडमध्ये सात बायका मांडी ठोकून बसल्या, जुनी लेबलं ओरबाडायच्या, नवी चिकटवायच्या, आणि दर शंभरी झाली की चहा. बोटं चिकट, कपाळं चिकट, गाणी चालूच. रिद्धी प्रत्येक कागद तीनतीनदा ताडून पाहत होती. शनिवारी गाडी वेळेवर भरली.

पुढचा दीड महिना तिनं जहाज नकाशावर पाहण्यात काढला. मग गोकुळचा निरोप आला. कस्टमनं एक खोका फोडला, नमुना नेला, चार दिवस माल रोखला आणि सोडला.

रिद्धीनं खोडदला जाऊनच ती बातमी सांगितली. बायकांनी तिला मधे घेऊन फुगडी घातली.

आठ दिवसांनी रिद्धी खोडदच्या शेडमध्ये असताना गोकुळनं व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना दुकानातली फळी दाखवली. पाकिटं निम्मी संपली होती. “काल एक बाई आली,” तो म्हणाला. “वास आवडला. पाकीट उलटं केलं, शेंगदाणा वाचला आणि परत ठेवून दिलं. तिच्या मुलाला चालत नाही. जाताना ‘स्पष्ट लिहिलंत, बरं केलंत’ म्हणाली.”

साळुबाई डोळे पुसून म्हणाली, “पोर वाचलं गं.”

संध्याकाळपर्यंत तिनं ही गोष्ट अख्ख्या आळीला सांगितली.