लोहगरुडाचं मुंडकं

"पोरांनी वळखलं तर पँटीवर लाल चड्डी घालून आख्खा बाजार हिंडायचा, दिनकरराव! हाय कबूल?"

"कबूल! आन् बाजार उठेस्तोवर कुण्या पोरानं न्हाई वळखलं, तर हे मुंडकं तुमच्याच हातानं चुलीत घालायचं, केवळाबाई. पोरांना काही सांगायचं मात्र न्हाई."

हे मुंडकं म्हणजे माझं, मित्रांनो! पैज त्यांची, अन् चुलीत मी.

मी ताडकळसच्या टाकीजपुढचा एक जुना प्लायवूडचा हीरो आहे. नाव लोहगरुड. उंची दहा फूट, चड्डी लाल. मला पूर्णेच्या मल्लेश पेंटरनं कापलं अन् रंगवलं. मल्लेशअप्पा पक्के शिवभक्त. हाताला सवय, म्हणून माझ्या कपाळावर भस्माच्या तीन रेघा ओढून मोकळे झाले. पिच्चरमधल्या लोहगरुडाला तसलं काही नव्हतं. पण इथली पोरं म्हणायची, "ह्यो आपल्याकडलाच हाय!"

माझे चार पिच्चर लागले. चारीला टाकीज फुल्ल. दिनकरराव टाकीजचे मालक, रोज सकाळी मला ओल्या फडक्यानं पुसायचे. बाजारच्या दिवशी पोरं माझ्या पायाला पाठ लावून उभी राहायची, डोक्यावर पेन्सिलीनं रेघ मारायची अन् पुढं नाव लिहायची. कोण किती वाढलं, ते गावात माझ्या पायाला विचारायचं.

मग तिकडं मुंबईत आमच्या पिच्चरच्या कंपनीला एका मोठ्या कंपनीनं गिळलं. नवे साहेब म्हणाले, एका घरात दोन हीरो कशाला? माझा पाचवा भाग अर्धा झालेला, तो डब्यात गेला. त्यांच्या ज्वालाजितचे मात्र पुढचे दहा भाग ठरले, तारखांसकट! त्यातले किती पोरांना बघायचेत, हे कुणी विचारलंच नाही.

दिनकररावांनी बातमी वाचली अन् करवत काढली.

"दोन कंपन्या एक झाल्या ना? मंग आपुन बी दोन हीरो एक करू. आख्खं प्लायवूड कशाला लागतंय?"

माझं मुंडकं कापलं. माझ्या धडावर ज्वालाजितचं तुपाळ तोंड ठोकलं. पायावरच्या रेघा दिसू नयेत म्हणून वर नव्या पिच्चरचं पोस्टर चिकटवलं. मला, म्हणजे मुंडक्याला, फेकलं रस्त्यात.

समोर केवळाबाईचा शेळ्यांचा गोठा. तिनं मला उचललं, झटकलं अन् कुडाच्या भगदाडाला लावलं. वरून दिनकररावांना सुनावलं, "आमची शेळी दुसऱ्याच्या कळपात शिरली तरी आमी खुणंवरून आपली वळखतो. धड कुणाचं ते वळखाया पोरं काय आंधळी हायेत?" तिथून ती पैज पेटली.

बाजाराचा दिवस उजाडला. पोरं आली, मोबाईलमध्ये बघत गेली. एकानंही मान वर केली नाही. ज्वालाजित माझ्या खांद्यावरून हसत होता. दुपार कलली तसे दिनकरराव गोठ्यापुढं येऊन म्हणाले, "काडेपेटी हाय का, केवळाबाई?"

केवळाबाईचं तोंड उतरलं. माझ्यात मात्र बदला उकळला.

मित्रांनो, प्लायवूडला हातपाय हलवता येत नाहीत. पण कलता येतं. मी थोडासा, अगदी थोडासा कललो. भगदाड उघडं पडलं अन् केवळाबाईची चंद्री शेळी सुसाट सुटली. पोस्टरला लावलेल्या कणकेच्या खळीचा वास तिला सकाळपासून येत होता. तिनं आधी ज्वालाजितचं नाव खाल्लं, मग तारीख, मग 'भाग पहिला'.

"हाड! हाड! पोस्टर खायली की!" दिनकरराव धावले. चंद्रीनं त्यांना शिंग दाखवलं.

गंमत बघायला पोरं जमली. त्यात पाचवीतली सृष्टी होती. माझा उघडा पडलेला पाय बघून ती थबकली.

"ही माझी रेघ! गेल्या साली मी एवढीच व्हते!" तिनं पाठ लावली. आता ती रेघेच्या चार बोटं वर होती. मग तिनं हळूच मान वर केली.

"दिनकरकाका, आमच्या लोहगरुडाला हे कुणाचं मुंडकं लावलं वो?"

केवळाबाईनं चुलीची काडेपेटी कमरेला खोचली. "चला, दिनकरराव. चड्डी घ्यायला."

बाजारातली सगळ्यात मोठी लाल चड्डी तिनं निवडली. दिनकररावांनी ती पँटीवर चढवली, मला डोक्यावर घेतलं अन् निघाले. पुढं चंद्री, मागं पोरं. भाजीवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"मोठ्यानं वरडा!" केवळाबाई म्हणाली.

"मुंडकं लोहगरुडाचं, चूक माझी!"

मी वरून सगळं बघत होतो. बांगड्यांची ओळ झाली, भांड्यांची झाली. दिनकरराव हळूच परतायला लागले, तसं मी त्यांच्या डोक्यात कड टोचली. मिरचीवाले राहिले होते ना!

मित्रांनो, जुन्या सोबत्याला जपा. नवा आणा, पण जुन्याचं मुंडकं उडवू नका. त्याच्या पायावर तुमचीच उंची लिहिलेली असते.

मिरचीच्या ढिगापुढं दिनकररावांना शिंका सुटल्या. प्रत्येक शिंकेला चड्डी घसरत होती. एका हातानं मला अन् दुसऱ्यानं ती सावरत ते ओरडत होते, "चूक माझी! चूक माझी!" केवळाबाईनं तेवढ्यात चड्डीवाल्या दुकानदाराला हाक मारली.

"अजून एक द्या दादा, याच मापाची. मुंबईचा सायेब कवा इकडं आला तर!"