कम्प्युटरची इर्जिक

माझी सून स्वरूपा कुणाच्या दारात काही मागायला कधी गेली न्हवती. ती त्या आठवड्यात अख्ख्या काटेवाडीत फिरली आन हात हलवत परत आली. माझं डोस्कंच सणकलं.

तिचं मागणं तरी काय? इंदापूरच्या कॉलेजात शिकवती ती, आन पीएचडी करती. पाटाचं पाणी पिऊन पिऊन चोपण झालेली, वर पांढरं मीठ फुटलेली रानं परत कशी पिकतील, निचऱ्याचा पाइप जमिनीत किती खोल टाकावा, ह्याचं गणित ती मांडती. गणित एवढं दांडगं, की आमच्या एका कम्प्युटरला सोडवायला वर्स पुरलं नसतं. म्हणून तिनं त्याचं बारकं बारकं तुकडं केलं व्हतं. घराघरातल्या रिकाम्या कम्प्युटरनं एकेक तुकडा सोडवायचा. मालकानं हात लावला की काम थांबंल, मालक उठला की परत सुरू. महिनाअखेरीला सगळं पुण्यात सरांपुढं मांडायचं व्हतं. मुदत आधीच वाढवून घेतलेली. आता चुकलं की पीएचडी गेली, एवढ्या वर्सांची मेहनत मातीत!

पण लोकं! तिनं मोबाइलवर लिंक धाडली, तर जो तो म्हणतोय, ‘नको बाई, लिंक दाबली की ब्यांक साफ व्हती.’ आमचा शेजारी मानसिंग तर तिला तोंडावर म्हणाला, ‘लाइट आमची, मशीन आमचं, आन पीएचडी तुमची व्हय?’ ती घरी आली आन भिंतीकडं तोंड करून बसली. मला लई वाईट वाटलं.

‘थांब, मीच बघती एकेकाकडं,’ म्हणलं.

मला कम्प्युटरमधलं ओ की ठो कळत न्हाय. पण आपली बैलं गोठ्यात रिकामी आन शेजाऱ्याचं रान पडीक, असलं आमच्या वक्ताला कुणी करत न्हवतं. अडलेल्याच्या रानात सगळ्यांनी आपापली औतं घिऊन जायचं, मजुरी घ्यायची न्हाय, रानमालकानं पोटभर जेवू घालायचं. ह्याला आमी इर्जिक म्हणतो. मी पदर खोचला आन घरोघरी फिरले.

‘मानसिंगराव,’ म्हणलं, ‘तुमच्या रानात आमची बैलं राबली तवा मी विचारलं व्हतं का, गहू कुणाचा म्हणून? शनवारी इर्जिक हाय आमच्याकडं. कम्प्युटर घिऊन या. मटण हाय.’

मटण म्हणल्यावर गडी जरा नरमला.

शनवारी सकाळी रस्सा उकळत व्हता, तवर दारात ट्रॅक्टर वाजला. बघती तर काय, ट्रॉलीत वाकळा अंथरून वर कम्प्युटर! कुणी फटफटीवर मागं बसून कवटाळून आणलेला, कुणी टॉवेलात बांधलेला. मानसिंग तर तान्हं लेकरू धरावं तसा आपला कम्प्युटर छातीशी धरून उतरला.

स्वरूपा बाहेर आली आन तिनं कपाळावर हात मारून घेतला. ‘अहो आत्याबाई, हे घरीच ठेवायचे होते! घरातूनच चालतं ते!’

‘मंग आधी सांगायचं न्हाय का?’ मी वर तिच्यावरच डाफरले. ‘आन घरात बसून कुठं इर्जिक व्हती?’

सगळी हसाय लागली. मानसिंग तोंड वाकडं करून म्हणाला, ‘म्हणजी परत न्यायचं व्हय हे?’ आन वळला बी. तशी स्वरूपा पुढं झाली. ‘थांबा काका. आणलाच आहे, तर बसा जरा.’

तिनं ओसरीवर त्याचा कम्प्युटर जोडला, त्याला शेजारी बसवला आन एकेक गोष्ट उघडून दाखवली. हे तुमचं, ह्याला हात लागत नाही. हे माझं, नको वाटलं की असं काढून टाकायचं. मानसिंग मान हलवत ऱ्हायला. मोबाइलवरच्या लिंकला भ्यालेली माणसं समोर बसलेल्या सूनबाईला कशाला भितील? मंग एकापाठोपाठ एक सगळ्यांचं तिनं जोडून दिलं. माणसं जेवली आन आपापला कम्प्युटर घिऊन घरी गेली.

त्यानंतर गावात कुणी कम्प्युटर बंद केला न्हाय. लाइट गेली तर मानसिंगनं टीव्ही बंद ठिवून कम्प्युटर इन्व्हर्टरवर चालवला. वर रोज मला वरडून सांगायचा, ‘काकी, आमचा चालूच हाय बरं का!’

पुण्याला मी संगट गेले. गणित पुरं झालं व्हतं. मोठ्या सरांनी विचारलं, ‘एवढं काम कुठल्या संगणकावर केलंत?’

माझी सून ताठ उभी ऱ्हाऊन म्हणाली, ‘आमच्या गावच्या, सर. सासूबाईंनी इर्जिक घातली होती.’

इर्जिक म्हणजी काय, ते तिनं त्यांना समजावून सांगितलं. सरांनी उठून तिचा हात हातात घेतला आन ‘डॉक्टर स्वरूपा’ म्हणलं. मला वाटलं, वरडून सांगावं, ही माझी सून हाय! सांगितलं बी. छाती मावंना माझी.

गावात आल्यावर ती आधी मानसिंगकडं गेली. ‘काका, झालं माझं काम. आता बंद करा, मी ते काढून टाकते.’

‘काढायचं कशाला? आणिक कुणाचं अडलं आसंल की.’

‘अडलंय ना. नव्या औषधांचं गणित मांडणारी माणसं आहेत. पण ती परदेशातली, काका. तुमची त्यांची ओळख नाही.’

‘वळख न्हाय तर न्हाय. जोड तू,’ मानसिंग म्हणाला, आन खुर्चीवरनं उठून त्यानं तिला जागा दिली.