जांभळाखालची माती

जेवता जेवता जावई सहज बोलून गेला की मागच्या परसात आता हिरवळ करून टाकू, आणि तपासनीसांच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. उभा जन्म बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेला, तेव्हा गल्लीनेही त्यांना तपासनीसच करून टाकलं. नोकरी सुटली, नजर सुटली नाही. समोर आलेला माणूस आधी विनातिकीट, मग बाकी सगळं. भाजीवालीचा काटा, दूधवाल्याचं माप, शेजाऱ्याचं हसणं, काही म्हणून त्यांनी उलटं करून पाहायचं सोडलं नव्हतं. त्यात हा जावई पडला गोडबोल्या. बायको गेल्यावर म्हातारा एकटा नको म्हणून लेक आणि जावई इथे राहायला आले, तेही तपासनीसांनीच बोलावलं म्हणून. पण एवढं गोड बोलणाऱ्याच्या खिशात तिकीट कधीच नसतं, असं ते लेकीला एकदा म्हणून बसले. लेकीने मग कित्येक दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

परसात दोन मोठी झाडं. कुंपणालगत कडुनिंब आणि मधोमध जांभूळ. जांभूळ बायकोने लावलेलं, लेकीच्या वेळी दिवस राहिले होते तेव्हा. आता ते घराच्या कौलांवर गेलं होतं, आणि सावली अशी दाट की खाली धड तणही धरत नसे. दुपारी तपासनीस तिथे खुर्ची टाकून बसत. कधी कधी बायकोशी बोलतही. हे कुणाला ठाऊक नाही असा त्यांचा समज होता.

आणि जावई म्हणे, बर्म्युडा लावू. कसलं बर्म्युडा, आपली हरळीच ती! लोक शेतातून उपटून उपटून मेटाकुटीला येतात, आणि हा शहाणा ती विकत आणणार. बरं, हरळीला ऊन लागतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. सावलीत ती तग धरत नाही. मग सावलीचं काय करणार? तपासनीसांनी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत हिशेब जुळवला. आज फांद्या जातील, उद्या खोड जाईल, परवा त्या मोकळ्या जागेवर खोल्या उठतील, आणि मग एक दिवस साळसूद चेहऱ्याने, बाबा, इथे जरा सही करता का. कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की.

हिरवळवाला आला तो मान वर करूनच आला. माणूस जमिनीचं काम करायला आलेला, पण बघत होता झाडाकडे. त्याने जांभळाभोवती फेरी मारली, काही फांद्यांवर खडूने खुणा केल्या, आणि जमिनीवर आलेली जाडजूड मुळं बुटाने ठोकून म्हणाला की यांच्यावरून गवत कापायचं यंत्र जायचं नाही, यांचं काहीतरी करावं लागेल. जावई नुसतं बघू म्हणाला. खिडकीआड उभे असलेले तपासनीस शब्द न् शब्द ऐकत होते.

फांद्या उतरवायच्या दिवशी ते खुर्ची घेऊन थेट खोडाला टेकून बसले. जावयाने समजावलं. खालच्या आणि दाटीतल्या तेवढ्याच फांद्या काढायच्या, झाडाला धक्का नाही, जरा उजेड खाली येऊ दे. तपासनीस हलेनात. शेवटी जावयाने हिरवळवाल्याला बाजूला घेऊन सगळा बेतच बदलला. दोन्ही झाडांच्या बुंध्याभोवती ऐसपैस गोल मोकळा सोडायचा, तिथे गवत लावायचंच नाही, वाळका पाला पसरायचा. फांद्यांना, मुळांना हात लावायचा नाही. हरळी फक्त त्या गोलाच्या बाहेर, जिथे ऊन येतं तिथे.

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. तपासनीसांचा संशय उलट दुप्पट झाला. न भांडता सीट सोडणारा उतारू त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. गोल सोडला तो मुळं नजरेसमोर राहावीत म्हणूनच, नाहीतर दुसरं कारण काय? सगळे निवांत झाले की एखाद्या दुपारी कुऱ्हाड चालवायची आणि यंत्राला अडत होती म्हणायचं.

मग त्यांना तोड सुचली. दिसलीच नाहीत तर तोडतील कशी?

हिरवळीसाठी लाल मातीचा ढीग फाटकापाशी येऊन पडला होता. लेक आणि जावई कामावर गेले की तपासनीस बादली उचलत. अर्धी अर्धी भरायची, जांभळाखाली ओतायची, पायाने दाबायची. मुळं बुडाली. मग बुंधाही हातभर मातीत गेला. वर पाणी शिंपडायचं, पाला होता तसा पसरायचा, की कुणाच्या बापाला कळायचं नाही. कडुनिंबाकडे त्यांनी बघितलंही नाही. तो कुणी लावलेला नव्हता, आपसूक आलेला. या कामाने त्यांना भूक लागू लागली, झोप येऊ लागली. माती खचली की पुन्हा बादली. ढीग संपत आला तेव्हा जावयाने मुकाट्याने आणखी माती मागवली, आणि तेही तपासनीसांना खटकलं.

हरळी मात्र फोफावली. उन्हाच्या पट्ट्यात हिरवीगार, अनवाणी चालावंसं वाटेल अशी. आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी जांभळाचा शेंडा वाळला. पानं पिवळी पडून गळायला लागली. कडुनिंब मात्र ठणठणीत.

तपासनीसांना जे हवं होतं ते सापडलं. सावली जास्त कुणाची? जांभळाची. मरतंय कोण? जांभूळच. त्यांनी शेडमधला फवारणीचा पंप हुंगून पाहिला, बाटल्यांवरची अक्षरं भिंगातून वाचली. काही मिळालं नाही, म्हणजे गडी हुशार होता. मधल्या काळात झाडाला ताकद यावी म्हणून त्यांनी रोज आणखी माती चढवली, आणखी पाणी घातलं. आणि एका सकाळी लेकीच्या देखत तोंड उघडलं.

"जावईबापू, झाडाला काय घातलंत ते आता सांगून टाका."

जावयाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. लेक मधे पडली. विचारायचं तर ज्याने काम केलं त्यालाच विचारू, असं म्हणून तिनेच हिरवळवाल्याला बोलावलं. तपासनीस मनात म्हणाले, बरं झालं, दोन्ही चोर एका ठिकाणी.

हिरवळवाल्याने या वेळी वर पाहिलंच नाही. तो बुंध्यापाशी उकिडवा बसला, पाला बाजूला सारला आणि खुरप्याने उकरायला लागला. लाल माती निघत राहिली, निघत राहिली. आत बुंध्याची साल काळी पडली होती. त्याने बोट लावलं तर भिजल्या पुठ्ठ्यासारखी हातात आली.

"मुळांना हवाच नाही मिळाली. कोंडून मारलंय झाडाला," तो म्हणाला. "ही माती कुणी चढवली?"

तपासनीसांची नजर भिंतीकडे गेली. सकाळचीच बादली भिंतीला लावून ठेवलेली होती.

"मी," जावई म्हणाला. "मुळं उघडी बरी दिसत नव्हती म्हणून."

मग लेक जी सुटली! आईचं झाड, एवढं एकच उरलं होतं तिचं, आणि तेही तुला बघवलं नाही, बाबा म्हणत होते तेच खरं, तुझ्याशी आता बोलायचंच नाही मला. रडत रडत ती घरात गेली. वर्षभर तपासनीसांना हेच ऐकायचं होतं. त्यांनी ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं, आणि त्यातला एकही शब्द त्यांना गोड लागला नाही.

एक बाजू अजून जिवंत आहे, सगळी माती आजच्या आज काढा, नवी पालवी फुटली तर फुटली, असं सांगून हिरवळवाला गेला. जावई खाली बसून हातानेच माती ओढू लागला.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तपासनीसांनी विचारलं.

"तुम्ही माती नेता ते ठाऊक होतं. झाड मरेल हे नव्हतं." जावयाने मान वर केली नाही. "आई गेल्यापासून पहिल्यांदा तुम्ही पोटभर जेवत होता, बाबा. म्हटलं, चालू दे."

"मग खोटं कशाला बोललात?"

"माझ्यावरचा तिचा राग चार दिवसांत उतरतो. तुमच्यावर धरला असता तर उतरला नसता. झाड आईचं ना."

तपासनीसांनी माती ओढणाऱ्या जावयाकडे पाहिलं. या माणसाची त्यांनी वर्षभर झडती घेतली होती. मग ते घराकडे वळले. जावयाने मागून हाक मारली, बाबा, राहू दे म्हणून, पण ते थांबले नाहीत.

लेक स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, डोळे सुजलेले. काय हवंय, म्हणाली. ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि उतारूने तिकीट पुढे करावं तसे दोन्ही हात त्यांनी तिच्यापुढे धरले. नखांत सकाळची लाल माती होती.

"तपास," ते म्हणाले.