हरणीचं माहेर

हट्ट्याच्या शिवारात मेंढरं बसवली की अनुसयाबाईला दुपारी भास व्हायचा. कुणाच्या तरी शेतात हळद शिजत असायची, तिची वाफ वाऱ्यावर यायची, हातात लोकर कातायची चाती फिरत राहायची, आणि त्या वाफेतून हरणी धावत येताना दिसायची. जवळ येता येता विरून जायची. नवरा मल्हारी हसायचा. म्हणायचा, "कुत्रीच्या वाटंकडं डोळे लावून बसनारी तू एकलीच."

हरणी म्हणजे त्यांच्या काळी नावाच्या आंधळ्या कुत्रीची लेक. पिलू विकायचं नाही, नारळ घेऊन द्यायचं, आणि दर चंपाषष्ठीला आईच्या भेटीला आणवायचं, ही सासूनं घालून दिलेली रीत. वारंगा फाट्यावर कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्या स्वप्निलनं नारळ ठेवला, मान डोलावली आणि हरणीला नेलं. त्याला तीन चंपाषष्ठ्या झाल्या. दर वेळी अनुसयाबाई हरणीच्या वाट्याचा रोडगा भाजायची आणि संध्याकाळी काळीपुढंच टाकायची.

स्वप्निल आता जीप घेऊन उगवला तो कागद दाखवायला. पैदास करणाऱ्यांवर कायदा कडक होणार होता. नोंदणी, तपासणी, कुत्रीला वर्षात एकच वेत. एक पुढारी कायद्याच्या बाजूनं, दुसरा विरोधात, आणि मेंढकऱ्यांची काळजी दोघांनाही एकाच आठवड्यात लागली होती. सोमवारी हिंगोलीत कायद्याविरुद्ध मोर्चा होता, आणि स्वप्निलला त्याच मागणीच्या कागदावर अंगठे हवे होते.

"मावशी, अंगठा द्या," स्वप्निल म्हणाला. "न्हाईतर उद्या तुमचंबी कुत्रं नेतील."

मल्हारी घाबरला. "दे की. कुत्र्याबिगर लांडग्यापुढं मेंढरं कशी राखावी?"

"देते. आधी हरणीला माहेरी आन."

दुसऱ्या दिवशी दुपारी वाफेतून खरोखरच एक कुत्री आली. पाय ओढत, आचळं लोंबत. मागं जीपपाशी स्वप्निल कागद घेऊन उभा होता. अनुसयाबाईला वाटलं, आज भाससुद्धा चुकला, दुसऱ्याच कुणाची कुत्री आली. पण काळी उठली, वास घेतला आणि लेकीचे कान चाटायला लागली. अनुसयाबाईनं चाती खाली ठेवली.

"किती येळा व्याली?"

"पाच," स्वप्निल कागदाकडे बघत म्हणाला.

"तीन वर्सात?"

"धंदा हाय, मावशी. म्हनून तर कायदा नको म्हनून राहिलो. अंगठा द्या, सांजंच्या आत पोचायचंय."

"अंगठा देनार हुते. तू नारळाचा शब्द मोडलास, मी माजा मोडते. आता बराबर झालं. नोंद करा म्हनले तर आमी करू. आमची कुत्री वर्साला एकदाच व्याते."

स्वप्निलनं शीळ घातली. हरणी लगेच उठली, मान खाली घालून जीपकडे निघाली. तेव्हा मल्हारीनं खांद्यावरचं घोंगडं काढलं, तिच्या अंगावर टाकलं आणि तिला कवळून खाली बसला.

"नांदवत न्हाईत तिथं लेक धाडत नसतेत," तो म्हणाला.

सांजंच्या आत पोचायचं म्हणून स्वप्निल हरणीला सोडून निघाला, आणि जीप वाफेत दिसेनाशी झाली. घोंगड्यातून सुटलेली हरणी काळीच्या पोटाशी शिरली आणि पिलासारखी चोखायला लागली. तिथलं दूध कधीच आटलं होतं. काळीनं तरी तिला पिऊ दिलं.