तीन टिंबं

मिस्त्रींनी गाडीच्या दाराखालच्या पत्र्यावर हातोडीने हलकेच ठोकलं, पुन्हा ठोकलं आणि मग तिथेच उकिडवे बसून राहिले. पुढच्या चाकाजवळ पत्रा टणटणीत बोलत होता. जरा मागे सरकलं की आवाज बसायचा, सर्दी झालेल्या माणसासारखा.

"फार गंज आहे का?" बाईंनी विचारलं.

"बघू. अजून उघडलंय कुठे."

बाई शाळेत शिकवायच्या. गाडी त्यांच्या वडिलांची, म्हणजे मास्तरांची. गोल दिव्यांची, फिक्या हिरव्या रंगाची. असली गाडी आता रस्त्यावर दिसेल तर शपथ. मास्तरांना जाऊन वर्ष झालं होतं आणि गाडी पहिल्यासारखी करून घ्यायची, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

"बाकी कुठे काहीही निघो, ही बाजू शाबूत असणार," त्या म्हणाल्या. "ही तुम्ही केलेली ना. बाबा येईल त्याला सांगायचे, सगळे वरून पुट्टी थापतात, हा एकच माणूस गंज कापून खरा पत्रा जोडतो. आणि आतून तीन टिंबं ठोकतो. उघडाल तेव्हा मला बोलवा हं. ती टिंबं बघायचीत मला."

"बोलावतो," मिस्त्री म्हणाले.

टिंबांची गोष्ट खरीच होती. नवा पत्रा जोडण्याआधी मिस्त्री त्याच्या आतल्या अंगाला टोकदार लोखंडी पंचाने तीन खुणा ठोकायचे. पत्रा एकदा बसला की त्या कुणाला दिसायच्या नाहीत. ज्या कामाची आपल्याला लाज वाटत नाही त्यावरच ठोकायच्या, हा त्यांचा स्वतःपुरता नेम.

बाई गेल्यावर त्यांनी ग्राइंडर लावला. रंग उडाला आणि खालून बोटभर जाडीची पुट्टी निघाली, आत तारेची जाळी. जाळी ओळखीची होती. घराच्या खिडकीला लावून उरलेली. एकवीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने कोंबलेली.

तेव्हा त्यांच्या बायकोचं ऑपरेशन झालं होतं आणि दवाखान्याच्या चकरा चालू होत्या. मास्तरांना दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन बदलीच्या गावी निघायचं होतं. काम चार दिवसांचं, हातात एक दुपार. सुट्टीत आणा, नीट करून देतो, असं सांगायचं ठरवूनच त्यांनी पुट्टी भरली होती. पण मास्तरांनी पत्र्यावरून हात फिरवला आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "याला म्हणतात काम." मिस्त्रींची जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. पुढे मास्तर जातील तिथे कौतुक करत राहिले, त्यांच्या शब्दावर निम्मं गिऱ्हाईक आलं, आणि जितकं कौतुक वाढलं तितकं तोंड उघडणं अवघड होऊन बसलं. माणूस भला, पण इथे भित्रा निघाला, दुसरं काय म्हणायचं? आणि मास्तरही असे जपणारे की पावसात गाडी कधी बाहेर काढली नाही. पाप टिकलं ते त्यांच्याच काळजीवर.

जेवताना बायको म्हणाली, "भाजी अळणी झालीय की काय? तोंड बघा जरा आरशात."

त्यांनी सगळं सांगितलं. ती घास चावत राहिली. मग म्हणाली, "मग सोपंय की. एखाद्या जुन्या पत्र्यावर ठोका तीन टिंबं आणि द्या दाखवून. खूश होतील बिचाऱ्या."

मिस्त्रींनी ताटातून मान वर केली.

"अहो, जमणार नाही तुम्हाला, म्हणून तर म्हणतेय. खरं सांगून मोकळे व्हा. आणि मी दवाखान्यात होते तेही सांगा."

"ते नाही सांगणार."

"का? खोटं आहे का ते?"

"खरं आहे. पण ते सांगितलं की त्याच मला धीर देत बसतील."

संध्याकाळी शाळा सुटल्यावर बाई आल्या. मिस्त्रींनी पुट्टीचा ढलपा त्यांच्या हातात दिला.

"हे काय?"

"पुट्टी. मीच भरलेली. आत टिंबं नाहीत, बाई. मी तुमच्या वडिलांना फसवलं, आणि ते होते तोवर सांगायची हिंमत केली नाही."

बाईंनी ढलपा उलटा केला. जाळीचा गंज त्यांच्या बोटांना लागला.

"दर रविवारी पुसायचे गाडी," त्या म्हणाल्या. "हीच बाजू आधी."

रागावल्या असत्या तर बरं, असं मिस्त्रींना वाटलं.

"दुसरीकडे न्यायची असेल तर..."

"कापा," बाई म्हणाल्या. "गंज सगळा कापा."

तीन दिवस मिस्त्री कापत होते. चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे मागे गेले, जिथे शंका आली तिथे आणखी दोन बोटं. मग नवा पत्रा कापला, कडा वळवल्या, दहा वेळा लावून पाहिला. चौथ्या दिवशी बाई आल्या. बाकावरचा पत्रा त्यांनी उलटून बघितला. आतली बाजू कोरी होती.

"टिंबं?"

"यावर नाही ठोकणार. हे नवं काम नाही, तेव्हाचं राहिलेलं आहे."

बाईंनी बाकावरचा पंच उचलून मिस्त्रींच्या पुढे धरला.

"एक ठोका. बाबा तीन सांगायचे, मी एक सांगेन, पण पाहिलेलं."

मिस्त्रींनी पंच टेकवला. हातोडी पडली आणि टिंब मधोमध न बसता बाजूला गेलं. ते त्यांनी तसंच ठेवलं. पत्रा जागेवर बसवला, बाईंना तोंड तिकडे फिरवायला सांगितलं आणि वेल्डिंगचा पहिला टाका घातला.